कोणत्याही कारणास्तव उघडू नये

"एकोणचाळीस," उराडे साहेब म्हणाले, आणि आकडा वाचताना त्यांचा चेहरा उजळलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

थर्मामीटर भिंतीवर होता, भिंत मी बांधलेली होती आणि आकडा खरा होता. बाहेर पंचेचाळीस होतं. ही इमारत एसीशिवाय थंड राहणार, या एका बोलीवर वनखात्याने दोन वर्षं माझ्याकडून नकाशावर नकाशे काढून घेतले होते. त्या इमारतीने एकूण सहा अंशांचा पराक्रम केला होता. तेवढा दारातला कडुनिंबही करतो, आणि तो कुणाकडे नकाशे मागत नाही.

"वाईट नका मानू मॅडम," उराडे साहेब रुमालाने मान पुसत म्हणाले. "पण आत येऊन माणसाला घाम पुसावा लागत असेल, तर याला पर्यटक केंद्र कसं म्हणावं? भट्टी म्हणावं लागेल."

उराडे साहेब टेंभुरडोह अभयारण्याचे परिक्षेत्र अधिकारी होते. गृहस्थ सज्जन. फक्त त्यांना एसी फार आवडायचा.

ही बारा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. त्याआधी आठ वर्षं नागपुरात एका नावाजलेल्या आर्किटेक्टकडे मी दुसऱ्यांच्या इमारतींची न्हाणीघरं काढली होती. टेंभुरडोहचं पर्यटक केंद्र ही माझी स्वतःची पहिली इमारत. तिच्यात न्हाणीघराशिवायही बऱ्याच गोष्टी होत्या.

दोन फुटी दगडी भिंती होत्या. छपराला मातीचे कवेलू, त्याखाली पालथ्या गाडग्यांचा थर. खाली लहान खिडक्या आणि वर आढ्याजवळ झडपा, सगळ्यांना लोखंडी जाळी. रात्री खालून गार वारा आत यायचा, वरून ऊन हवा बाहेर जायची, आणि सकाळी सगळं घट्ट बंद केलं की दिवसभर गारवा आत कोंडून राहायचा. यात माझी अक्कल फारशी नव्हती. आमच्या विदर्भातल्या बाया उन्हाळ्यात घर असंच सांभाळतात. मी फक्त त्याचे नकाशे काढले होते.

पश्चिमेचा बारा फुटी सागवानी दरवाजा मात्र माझा नव्हता. "मान्यवर कुठून येतील?" असं विचारून तो माझ्या नकाशात घुसवण्यात आला होता. मी पुष्कळ भांडले. रोजच्या लोकांसाठी उत्तरेला एक छोटं दार ठेवलं होतं, मध्ये अंधारा बोळ, पुढे दुसरं दार, म्हणजे माणूस आत येईल पण झळ येणार नाही. मान्यवरांनी बोळातून येणं बरं दिसत नाही, असं मला सांगण्यात आलं.

"चोवीस तारखेला सचिव मॅडम येऊन राहिल्या," उराडे साहेब म्हणाले. "दुपारी दोन वाजता. इतिवृत्तात आहेच."

इतिवृत्त मला पाठ होतं. चोवीस मे, दुपारी दोन. आतलं तापमान चौतीस किंवा त्याखाली असेल तर इमारत आहे तशी ठेवायची. त्याच्या वर गेलं तर झडपा विटांनी बुजवायच्या आणि आठ एसी बसवायचे. चौतीस म्हणजे काही थंडी नव्हे असं पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटेल, पण आमच्याकडे मे महिन्यात चौतीस अंशाला माणूस पांघरूण शोधतो. एसीची फाइल तयार होती, सही तेवढी बाकी. टेंभुरडोह गावाला एकच ट्रान्सफॉर्मर होता आणि त्यावर गावाची पिठाची गिरणी आणि पाण्याचा पंप चालायचा. आठ एसी लागल्यावर त्यांचं काय होणार, हे इतिवृत्तात नव्हतं.

बारा दिवस उरले होते.

मी विश्रामगृहात मुक्काम ठोकला. सहा थर्मामीटर टांगले. गाडग्यांचा थर तपासला, कवेलू मोजले, सांधे पाहिले. जुन्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "नीलाक्षी, तुझा वारा कागदावर छान वाहतो गं." फोन ठेवून मी रडले. मग चेहरा धुऊन पुन्हा थर्मामीटर पाहिले. त्यांना माझ्या रडण्याचं काही नव्हतं.

इतके दिवस मी साइटवर दहाला यायची आणि पाचला जायची, सगळ्यांसारखी. दिवसा झडपा उघड्या दिसायच्या, त्या माझ्या तपासणीसाठीच उघडल्या असतील असं मी धरून चालले होते. चौथ्या दिवशी झोपच लागेना, म्हणून उजाडता उजाडता चालत इमारतीकडे गेले. चौकीदार हातात लांब बांबू घेऊन उभे होते. बांबूच्या टोकाला आकडी होती आणि त्या आकडीने ते एकेक झडप उघडत होते. तोंडाने गाणं चालू होतं.

सोमा मडावी. साठीला टेकलेले, काटक, अंगात बिल्ला नसलेला खाकी शर्ट. गावातलेच. माझी सगळी इमारत त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली होती आणि त्या दोन वर्षांत आमचं बोलणं 'राम राम'च्या पुढे फारसं गेलं नव्हतं. दोष माझाच.

"मडावी काका, काय करताय?"

"उघडून रायलो जी. सकाळ झाली न."

"म्हणजे रात्री हे उघडं नव्हतं?"

मी त्यांच्या चारित्र्यावर शंका घेतल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रात्री? सरकारी इमारत? नाई जी! सांजेले सहा वाजता मी सोता बंद करतो. एक फट रावू देत नाई."

"आणि दिवसभर?"

"सताड उघडी. हवा खेळली पायजे न."

मी पायरीवर बसले. दोन महिने माझी इमारत अत्यंत प्रामाणिकपणे उलटी चालवली जात होती. दिवसभर झळा आत घ्यायच्या आणि रात्रभर त्या कुलूप लावून जपायच्या. एकोणचाळीसवर भागलं, हे उलट त्या भिंतींचं कौतुक म्हणायला हवं.

"काका, तुमच्या घरी उन्हाळ्यात काय करता?"

"घरी? घरी रात्री उघडं, दिवसा बंद. नाई त मानूस मरन."

"मग इथे?"

"इथं हापिस हाय जी," मडावी समजुतीने म्हणाले.

"मी तुम्हाला पुस्तिका दिली होती ना? कधी उघडायचं, कधी बंद करायचं, सगळं लिहून?"

"हाय न." ते आत गेले आणि खिळ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. तिच्यात माझी पुस्तिका होती, एकही डाग न पडलेली. सूर्याच्या चित्राखाली 'बंद', चंद्राच्या चित्राखाली 'उघडे'. ती करताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

"वाचली मी," ते म्हणाले. "चांगली हाय. चित्रं बी चांगली हायेत. पन याच्यावर सई नाई, शिक्का नाई, जावक नंबर नाई."

"मग?"

"मंग हे पुस्तक झालं जी. आदेश नाई झाला. खात्याचा आदेश हाय, हापिस बंद झालं का दारंखिडक्या बंद. आता पुस्तकात पाहून मी रातभर उघडं ठेवलं, अन् उद्या काई चोरी झाली, त कोन पुस्तकाले जबाबदार धरन?"

आठ वर्षांत मला सूर्याचा कोन शिकवला होता, वाऱ्याची दिशा शिकवली होती. जावक क्रमांक कुणी शिकवला नव्हता.

परिक्षेत्र कार्यालय चौदा किलोमीटरवर होतं. दहा वाजता लेखी आदेश मागायला मी उराडे साहेबांच्या टेबलासमोर उभी होते.

"याने काय होणार?" त्यांनी विचारलं.

"इमारत थंड होईल."

"कागदानं?" ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. हरणाऱ्या माणसाची शेवटची इच्छा पुरवावी, तसं त्यांनी बाबूला बोलावलं. "मॅडम सांगतात तसं टाइप करा."

मी सांगत गेले. सर्व झडपा व खिडक्या सायंकाळी सात ते सकाळी सात उघड्या ठेवाव्यात. सकाळी सात ते सायंकाळी सात बंद ठेवाव्यात. या वेळेत ये-जा उत्तरेच्या दारानेच, एका वेळी दहा जणांनी करावी. मग मला तो बारा फुटी दरवाजा आठवला. उराडे साहेबांचे पाहुणे आठवले, जे दर दोन दिवसांनी जीपमधून यायचे आणि त्या दरवाजात उभं राहून फोटो काढायचे.

"पश्चिमेकडील मुख्य दरवाजा या वेळेत कोणत्याही कारणास्तव उघडू नये," मी म्हटलं.

"अपवाद?" बाबूने विचारलं. अनुभवी माणूस होता.

"अपवाद नाही."

वर 'प्रति, संबंधित चौकीदार' असं आलं, खाली उराडे साहेबांची सही, शिक्का आणि जावक क्रमांक. सही करताना साहेबांनी तो वाचला असेल असं मला वाटत नाही. रोज तीसेक कागद ते तसेच करायचे.

मडावींनी मात्र तो दोनदा वाचला. ओठ हलवत. मग उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

"माहं नाव नाई टाकलं?"

"संबंधित चौकीदार म्हणजे तुम्हीच की."

"हो जी. ते त हायच." त्यांनी कागदाची घडी केली आणि वरच्या खिशात ठेवली.

त्या दिवशी सातच्या ठोक्याला झडपा उघडल्या, त्या दुसऱ्या दिवशी सातपर्यंत. पण दगड हट्टी असतो. दोन महिन्यांची साठवलेली झळ त्याने लगेच सोडली नाही. पहिल्या दिवशी दुपारी अडतीस. दुसऱ्या दिवशीही अडतीस. मग साडेसदतीस. दुपारी मी आणि मडावी त्या बंद दालनात अंधारात बसायचो, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसं, आणि दर अर्ध्या तासाने मी उठून ताप पाहायची.

अशाच एका दुपारी मी विचारलं, "काका, तुमच्या शर्टाला बिल्ला कसा नाही? नाव असतं ना सगळ्यांचं?"

"मी नाई जी खात्यात."

"म्हणजे?"

"खातं म्हनते, असा मानूसच नाई." ते शांतपणे बोलत होते. "सव्वीस वर्सं झाली. आधी वनवा अडवाच्या पट्ट्या काढल्या, मंग रोपवाटिका, मंग पानवठे, आता चौकीदार. पन मजुरी कधी माह्या नावानं नाई निघाली. तीन महिने झाले का नाव बदलते. कधी मेव्हन्याच्या नावानं, कधी भावाच्या, कधी बायकोच्या. एकदा मेलेल्या काकाच्या नावानं निघाली. अंगठा मीच लावला, काका अडानी होता न."

"आणि कुणी काही बोललं नाही?"

"बोललो न मी. कोर्टात केस हाय चंद्रपूरले, कायम करा म्हनून. सहा वर्सं झाली. जज साहेब म्हनते, कागद दाखव. सोमा मडावी नावाचा मानूस सलग कामावर हाय, असा खात्याचा एक कागद दाखव. वकील बी तेच म्हनते. आता खातं कायले असा कागद देईन?" ते जरा हसले. "पुढच्या साली साठ होतात अन् मंग केसच संपली. तुमची चोवीस तारीख हाय, तशी माही बी हाय."

मला वाईट वाटलं. पण मी अर्ध्याच लक्षाने ऐकत होते, हेही खरं. थर्मामीटरवर छत्तीस आलं होतं.

बावीस तारखेला चौतीस झालं. तेवीसला साडेतेहेतीस. मडावींनी आकडा वाचला आणि पहिल्यांदाच भिंतीवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

"आली बाप्पा वळनावर," ते म्हणाले.

चोवीस तारखेला बाहेर सेहेचाळीस होतं. एक वाजता आत तेहेतीस. मी नऊ वेळा पाहिलं, नऊ वेळा तेहेतीस. मग खुशीत उत्तरेच्या दाराने बाहेर आले आणि पश्चिमेला वळले, तर तिथे मांडव.

त्या बारा फुटी दरवाजासमोर लाल कापडाचा मांडव घातला होता. फीत बांधली होती. शाळेच्या मुली स्वागतगीतासाठी रांगेत उभ्या होत्या. सरपंच, अधिकारी, वार्ताहर धरून साठेक माणसं. दरवाजा उघडणार, सगळे एकदम आत जाणार, हार होणार, गीत होणार, दोन भाषणं होणार, आणि पश्चिमेचा वारा त्या सगळ्यांच्या मागोमाग आत येणार. तोपर्यंत थर्मामीटर चौतीसची रेघ ओलांडून केव्हाच पुढे गेला असता. बारा दिवसांत हा एक विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

दोनला पाच कमी असताना गाड्या आल्या. सचिव मॅडम उतरल्या. बारीक, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. मागे त्यांचे स्वीय सहायक, काखेत एसीची फाइल. त्यांना कुंकू लावलं गेलं, कात्रीचं तबक पुढे झालं, फीत कापली गेली. दरवाजा जागचा हलला नाही. त्याला पाठ लावून मडावी उभे होते.

"मडावी, दरवाजा उघड," उराडे साहेब हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले.

"सात वाजता उघडतो साहेब."

"अरे, मॅडम आल्या आहेत."

"हो साहेब. नमस्कार मॅडम." त्यांनी सचिवांना हात जोडले. "उत्तरेचं दार हाय. दहा-दहा जनं."

उराडे साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यामागचा माणूस निघून गेला. "मी सांगून राहिलो ना तुला! उघड!"

"तोंडी नको साहेब," मडावी म्हणाले. "लेखी द्या."

"कशाचं लेखी?"

मडावींनी खिशातून घडी काढली आणि उलगडून समोर धरली. "हा आदेश हाय साहेब. रद्द कराचा असन त तसं लिवून द्या. चौकीदार सोमा मडावी यानं दरवाजा उघडावा, असं. खाली सई, शिक्का, जावक नंबर."

"शिक्का ऑफिसात आहे!"

"मंग जावक नंबर बी तिथंच असन," मडावी म्हणाले.

चौदा किलोमीटर. मुलींच्या रांगेतली एक खाली बसली. ऊन मांडवाच्या कापडातून लाल होऊन सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पडलं होतं. उराडे साहेब पुटपुटले, "अरे माझीच सही आहे त्याच्यावर!" त्यावर मडावी म्हणाले, "म्हनून त पाळून रायलो साहेब."

सचिव मॅडमनी हात पुढे केला. मडावींनी कागद त्यांना दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या सगळा वाचला, आणि शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं. "कोणत्याही कारणास्तव उघडू नये." मग मान वर केली. "हे कुणी लिहिलं?"

मी चार पावलांवर होते. ते वाक्य माझं होतं. 'मी लिहिलं' एवढंच म्हणायचं होतं. पण स्वीय सहायकाच्या काखेत ती फाइल होती, आणि मला दिसत होतं, की मी तसं म्हटलं की त्या म्हणणार, जी इमारत पाहुण्यांना दार उघडू शकत नाही ती काय कामाची, आणि पेन मागणार. मी जमिनीकडे पाहू लागले.

"चौकीदारानं चुकीचा अर्थ लावला मॅडम," उराडे साहेब म्हणाले. "मी कारवाई करतो."

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. "आर्किटेक्ट तुम्हीच ना? असंच आहे का?"

मी मान हलवली. होकारार्थी.

मडावींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग समोर, गाड्यांकडे.

"चला, मग त्या दाराने जाऊ," सचिव म्हणाल्या. "इथे उभं राहण्यात काय अर्थ आहे?"

त्या बोळातून आत गेल्या, सोबत नऊ जण. आत गेल्यावर प्रत्येकाच्या तोंडून 'आ' असा आवाज निघाला, तो मी अजून विसरलेले नाही. थर्मामीटर तेहेतीस. सचिव दगडी ओट्यावर बसल्या, चपला काढून त्यांनी पाय फरशीला टेकवले. पाच मिनिटं तशाच होत्या. मग म्हणाल्या, "एसीचं राहू द्या." स्वीय सहायकाने फाइल पिशवीत घातली. झालं. माझी इमारत वाचली होती.

बाहेर दरवाजाला पाठ लावून मडावी अजून उन्हात उभे होते. मी निघताना उत्तरेच्या बाजूने निघाले.

आठवड्याने उराडे साहेबांचा फोन आला. "त्या मडावीला नोटीस काढली. अशी काढली म्हणता, मी स्वतः लिहिली. ऐका." आणि त्यांनी मला वाचून दाखवली. 'श्री. सोमा लालू मडावी, आपण गेली सव्वीस वर्षे या कार्यालयाच्या अधिपत्याखाली सलग काम करीत असूनही वरिष्ठांशी कसे वागावे एवढी साधी शिस्त आपणास नसावी, ही खेदाची बाब आहे.' पुढे बरंच होतं. शेवटी, उद्यापासून कामावर येऊ नये.

"साहेब, ते वाक्य माझं होतं," मी म्हटलं. फोनवर माझा आवाज चांगला निघाला.

"आता कशाला मॅडम? इमारत पास झाली ना तुमची," ते म्हणाले.

मी यावर खात्याला पत्र लिहायचं ठरवलं. महिनाभर रोज ठरवलं. मग इमारतीला एक पुरस्कार मिळाला, दुसरं काम आलं, तिसरं आलं. पत्र लिहिलं ते वर्षानंतर. इतक्या उशिरा पोस्टाने पाठवायला शरम वाटली, तेव्हा मडावींच्याच हातात द्यावं म्हणून ते पर्समध्ये घालून टेंभुरडोहला गेले. मडावींचं घर विचारत विचारत शोधलं. अंगणात एक बाई वडे वाळत घालत होती. तिने आत हाक मारली आणि मडावी बाहेर आले. अंगात नवा खाकी शर्ट. खिशावर बिल्ला, 'सो. ला. मडावी'.

"या या मॅडम! ड्युटीवरच चाललो होतो. बसा."

"काका, तुम्ही... कामावर?"

"कायम झालो न! सहा महिने झाले." त्यांनी खाट ओढून दिली. "ते नोटीस आली, तसाच धावत गेलो वकिलाकडं. वकील म्हने, मडावी, हे कुठून भेटलं तुले, हे त सोनं हाय. कोर्टात खात्याचा वकील उभा रायला, म्हने असा मानूसच नाई. आमच्या वकिलानं नोटीस काढली. नाव हाय, बापाचं नाव हाय, सव्वीस वर्सं हाय, सलग हाय, साहेबाची सई, शिक्का, जावक नंबर. जज साहेबानं दोनदा वाचली."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "म्हणजे तुम्ही त्या दिवशी हे मुद्दाम केलं?"

"मुद्दाम कायचं जी? आदेश होता, पाळला. इमारत बी तापाले नाई पायजे होती." त्यांनी खिशावरचा बिल्ला सरळ केला. "पन मी लेखी मागतलं अन् साहेब तापले, तवा मनात म्हनलं, तापू दे. तापलेला साहेब लिवते."

त्यांची बायको पाणी घेऊन आली. "याच त्या मॅडम," मडावी तिला म्हणाले, आणि ती माझ्याकडे पाहून मोकळं हसली. ते हसू मला सहन होईना.

"काका, मी त्या दिवशी बोलायला हवं होतं," मी म्हटलं. "ते वाक्य माझं होतं. तुमची नोकरी जाणार हे मला कळत होतं. तरी मी मान हलवली."

"बरं झालं न. तुमी बोलल्या असत्या त नोटीस तुमाले आली असती. माहं काय झालं असतं?"

"तसं नाही काका. मी तुमच्या भल्यासाठी गप्प बसले नव्हते. मी घाबरले होते."

"मालूम हाय जी," मडावी म्हणाले. कुणाला एकदा ताप आला होता, हे सांगावं तितक्या साधेपणाने. "मी पाह्यलं होतं न तुमच्याकडं. हे वाक्य मॅडमनं सांगतलं, असं मले बी म्हनता आलं असतं. बाबूले विचारलं असतं त त्यानं बी सांगतलं असतं. पन पाह्यलं, त बाई पार भेली होती. म्हनलं, रावू दे. पयलीच इमारत हाय तिची."

त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि शर्टाची बटणं लावू लागले, उशीर होत होता. पर्समधलं पत्र मी काढलं नाही. चहा आला तेव्हा तो खूप गोड होता. मी बशीत ओतून सगळा प्यायले, खाली बघत. त्या घरात वर मान करणं मला जमत नव्हतं.